उलटी बादली आणि तुझ्या वहीतला प्रश्न

इकडं ये रफिक. दारात उभा राहून चपला काढू की नको असं करू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. आत ये, त्या मोडक्या स्टुलावर बस, माझ्याजवळ. आणि चहा मिळायच्या आधी जरा बोलून घेते तुला. असं जातात होय रे? बायकोला सांगितलंस पित्त झालंय. मला सांगितलंस दमलोय. डॉक्टरला काय सांगितलंस ते तुझं तुला ठाऊक. जन्मभर दुसऱ्यांच्या मशिनींची झाकणं उघडून त्यांची दुखणी बाहेर काढलीस, आणि स्वतःच्या झाकणाला कुणाला हात म्हणून लावू दिला नाहीस. सोळा वर्षांनी मोठी आहे मी तुझ्यापेक्षा. हे असलं लिहायचं काम तुझं होतं, माझ्यावर टाकून गेलास.

पण नुसतं रागवायला बोलावलं नाही तुला. सांगायचंय. सापडलं, रफिक! ते वॉर्निंग सापडलं. दिवाळीपासून आपल्या दोघांच्या जिवाला जे घोर लावून बसलं होतं ना, ते. कुठून येत होतं, का येत होतं, कुणाच्या चुकीनं येत होतं, सगळं सापडलं. आणि आपलं मशीन जागेवर आहे. भंगारात गेलं नाही. ओट्यावर अजून तुझीच वायर लोंबते, तू निळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

आता हे जे बाकीचे वाचतील त्यांना काही कळायचं नाही, म्हणून थोडं मागं जाते. तू ऐक नुसता. तुला सगळं माहीत आहे म्हणून मध्ये बोलू नकोस.

आमची बायकांची दूध संस्था आहे, राधानगरी रस्त्याला. सगळ्या सभासद बायका, अध्यक्ष मी, सचिव शोभा. शोभा म्हणजे बारीक चणीची, पण दहा लिटरचा कॅन एका हातानं उचलणारी. बाहेर ओट्यावर काटा. काट्यावर तोटीची स्टीलची बादली. दूध बादलीत ओतलं की वजन दिसतं, मग तोटी सोडली की दूध खाली मोठ्या कॅनमध्ये जातं. बादली जागची हलत नाही. काट्याची वायर भिंतीतल्या भोकातून आत खोलीत येते, आत कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर मी. हा कॉम्प्युटर रफिकनं बसवला. कुठल्याशा ऑफिसानं टाकून दिलेला, त्याच्यावर लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली, आणि काट्याचं वजन वाचून घेणारा छोटा प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं लिहिला. त्याला नाव दिलं ‘दूधकाटा’. हा दूधकाटा अगदी आत, मशीनच्या गाभ्यात, म्हणजे ज्याला कर्नेल म्हणतात त्याला चिकटून चालतो.

रफिकचं दुकान लक्ष्मीपुरीत. पाटी अजून रेडिओ दुरुस्तीची, आत सगळे कॉम्प्युटर. पहिल्या वर्षी काही बिघडलं की मी फोन करायचे आणि हा बिचारा फटफटीवरून यायचा. एक दिवस आला तो वैतागूनच.

“मावशी, मी रोज रोज यायचा न्हाय. तुमीच शिका.”

“मी? आरं सातवी झालेली बाई मी.”

“मग मी तरी कुठं शिकलोय? अकरावी नापास हाय मी. बसा हितं.”

आणि बसवलंस मला. आठवतं? काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरासर वर जायला लागली, तशी मी पदर तोंडाला लावला. तू हसला नाहीस. म्हणालास, “ह्याला भ्यायचं न्हाय मावशी. ह्यो वाईट बोलत न्हाय, खरं बोलतोय. आपुन सावकाश वाचायचं.” त्या एका वाक्यावर मी शिकले बघ. नातवाची इंग्रजीची डिक्शनरी घेतली, शंभर पानी वही घेतली, आणि दर गुरुवारी तुझ्या दुकानात येऊन बसायला लागले. गिऱ्हाईक विचारायचं, ही आजी कोण? तू सांगायचास, माझी शिष्या हाय, तुमच्या लॅपटॉपला हात लावू देऊ का? ते लोक लॅपटॉप छातीशी धरायचे. आणि ते गेले की मग आपण दोघं पोट धरून हसायचो. तुझी बायको नसीम मागच्या खोलीतून ओरडायची, “काय चाललंय गुरू-चेल्याचं?” आणि चहा पाठवायची. तू बशीत ओतून प्यायचास, फुर्र करून. मी म्हणायचे, कॉम्प्युटरवाला माणूस तू, कपानं पी की. नाही म्हणजे नाही.

तर वॉर्निंग.

कर्नेल म्हणजे काय हे मी आमच्या बायकांना लग्नाच्या कोठीवरून समजावलं, आणि तुला ते इतकं आवडलं की तू पुढं तुझ्या गिऱ्हाइकांना तेच सांगायला लागलास, माझं नाव न घेता. ते जाऊ दे. लग्नघरी एका खोलीत सगळं सामान कोंडून ठेवतात आणि दारात एक खडूस माणूस बसवतात. पंगतीतल्या वाढप्यांनी येऊन मागायचं, त्यानं मोजून द्यायचं, उरलेलं परत घ्यायचं. मशीनमधली मेमरी म्हणजे ती कोठी, आणि कर्नेल म्हणजे दारातला तो माणूस. ज्या प्रोग्रॅमला जेवढी जागा लागेल तेवढी तो मागतो, हा देतो. आता समजा एक वाढपी आला आणि म्हणाला, चारशे कोटी लाडू द्या. देईल का तो? देणार नाहीच. पण नुसता नाही म्हणून गप्पही बसणार नाही, भर मांडवात बोंब ठोकेल. कोण रे हा? ह्याला कुणी पाठवलं? त्याला कुणी पाठवलं? आणि त्याला कुणी? सगळी साखळी नावानिशी चव्हाट्यावर मांडेल. ती बोंब म्हणजे वॉर्निंग, आणि ती नावांची साखळी म्हणजे त्याच्याखाली येणारा कॉल ट्रेस.

दिवाळीनंतर आमचं मशीन तशी बोंब मारायला लागलं. रोज नाही. कधी दोन दिवसांनी, कधी लागोपाठ. वेळ मात्र एकच, सकाळी काटा सुरू केल्या केल्या, पहिल्या सभासदाचं दूध पडायच्या आधी. बोंब मारून थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तू त्याला शिस्त लावून ठेवलेली, की असं काही झालं की झाला मजकूर फाइलीत ठेवायचा, मशीन थांबवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. तुझं म्हणणं, “दुधाचं माप हाय. चुकीचं चालण्यापरास थांबल्यालं बरं.” खरं होतं तुझं. पण इकडं ओट्यावर पंचवीस बायका कॅन घेऊन उभ्या, आणि मशीन आपलं डोळे चोळत उठतंय.

“अध्यक्षीणबाई, झालं का न्हाय तुमच्या यंत्राचं दात घासून?” हे हौसाक्काचं. आमच्या हौसाक्का म्हणजे रांगेत कधीमधी पहिल्या, भांडणात मात्र रोज पहिल्या. त्यातून गंमत अशी की मशीन जेव्हा जेव्हा बसलं तेव्हा तेव्हा रांगेत पहिली हीच. बायका तोंडावर म्हणायला लागल्या, “अक्का, तुमची नजर लागतीया बगा मशीनला. जरा मागं उभ्या ऱ्हावा.” अक्कांनी दोन दिवस कॅन आपटून आपटून दूध घातलं. मी हसण्यावारी नेलं. तिथंच चुकले, रफिक. त्या बायका काळ्या पडद्यासारखंच खरं बोलत होत्या, आणि मी ते वाचलं नाही.

आपलं भांडण तुला आठवत असेलच. मी फाइल उघडून, बोट ठेवून ठेवून साखळी वाचली. तिसऱ्या ओळीत नाव होतं, दूधकाटा. मी तुला फोन करून सांगितलं, “लाडू मागणारा तुझाच वाढपी हाय.” तुला झोंबलं.

“माझा कोड सात वर्सं चाललाय मावशी. आत्ताच कसा बिघडंल? रॅम गेली आसंल.”

रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बदलली. परत बोंब. मग म्हणालास दमट हवेनं वायर खराब झाली असेल. वायर बदलली, निळी पट्टी गुंडाळली. परत बोंब. मी म्हणतेय कोड बघ, तू म्हणतोयस काटा बघ. “काट्याकडनं कायतरी नवीन यायला लागलंय,” हे तू तीनदा म्हणालास, आणि तिन्ही वेळा मी म्हणाले, काटा तोच, बादली तीच, बायका त्याच, नवीन काय यायचंय? मग तू हात टेकलेस. एवढासा शब्द आहे म्हणालास, जागा मागायच्या ओळीत घालायचा. तो घातला की कर्नेल नाही म्हणतं, पण ओरडत नाही. म्हणजे कोठीवाल्याच्या कानात सांगायचं, बाबा, देऊ नकोस, पण बोंबलूही नकोस.

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. तो शब्द जिथं घालायचा तिथं घालत असतील मोठे लोक, मी नाही म्हणत नाही. पण चारशे कोटी लाडू मागणारा वाढपी मांडवात तसाच फिरत राहणार की.

आणि मग तो फोन. सकाळची वेळ, मशीन नुकतंच बसलेलं, बाहेर गलका. तुझा आवाज बारीक येत होता. मागं पीं, पीं, पीं. मी समजले तुझ्या दुकानातला यूपीएस ओरडतोय. म्हणाले सुद्धा, “आधी ती बॅटरी बदल तुझी.” तू हसलास. म्हणालास, “बदलायचीच हाय मावशी. बरं ऐका, त्यो शब्द घालून टाका, तेवढंच चार दिवस निभावंल. आणि मला एक इचारायचं हाय तुमास्नी…”

“तुझं विचारणं ऱ्हाऊ दे बाजूला,” म्हणाले मी. “ह्यो खरं बोलतोय म्हणून शिकवलंस तूच, आणि आता त्याचंच तोंड बांध म्हणतोस व्हय?” आणि फोन ठेवला.

ठेवला कसला, तोडला.

तू दवाखान्यात पडून बोलत होतास हे मला दोन दिवसांनी नसीमच्या फोनवरून कळलं. तू गेल्याचं सांगायला केलेला फोन होता तो. काय विचारायचं होतं तुला? दळताना, दूध काढताना, बसमध्ये, मी तेच उगाळत राहिले. शेवटचं बोलणं आपलं, आणि त्यातला निम्मा भाग माझ्या रागानं खाल्ला.

इकडं संस्थेत ठराव आला. एका कंपनीचं तयार मशीन घ्यायचं, जुनं काढायचं. रविवारी सभेत हात वर करायचे आणि मोकळं व्हायचं. मी अध्यक्ष असले तरी माझं मत एकच. आणि बायकांचं तरी काय चुकलं? थंडीत किती वेळ उभं राहायचं त्यांनी? पण मला आतून तुटत होतं बघ. तू गेलास तर गेलास, ते माझ्या हातात नव्हतं. तुझं हे एवढं काम माझ्या डोळ्यांदेखत भंगारवाल्याच्या गाडीवर चढणार, आणि तेही “रफिकच्या मशीननं लई छळलं” असं नाव घेऊन. ते मला बघवलं नसतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी तुझा चाळीसावा, तू गेल्याचा चाळीसावा दिवस होता. गुरुवारच बघ, माझा शिकवणीचा वार. नसीमनं मला आत बोलावलं, कपाटातून तुझी वही काढली, ती लांबट, पुठ्ठ्याची. “मावशी, दवाखान्यात मागवून घेतल्याली. शेवटच्या पानावर तुमचं नाव हाय. मला त्यातलं काय कळंना.”

पानावर तुझं ते वाकडंतिकडं अक्षर. आधी दूधकाट्याच्या सहा-सात ओळी, पुढं बाण. आणि खाली, दोन रेघा ओढून: ‘मावशीला विचार. दिवाळीनंतर सकाळी काट्यापाशी नवीन काय सुरू केलं? दूध पडायच्या आधी?’

हेच विचारायचं होतं तुला.

मी वही मिटली आणि नसीमच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती पोर मला थोपटत बसली, खरं तर मी तिला थोपटायचं. वही मागून घेऊन घरी येताना बसमध्ये गगनबावड्याकडचा कुणी पावणा शेजारी बसलेला, तो सारखा विचारतोय, आजी बरं वाटंना का? मी म्हणाले, बरं वाटायला लागलंय रे बाबा, आत्ताच.

कारण नवीन काहीतरी सुरू केलं होतं. मीच केलं होतं!

झालं होतं असं की दिवाळीच्या आसपास हौसाक्कांनी मोठं भांडण काढलेलं. म्हणणं असं, की शोभा सकाळी बादली धुते, तिच्यात तळाला पाणी राहतं, तशीच काट्यावर ठेवून शून्य करते. मग ते पाणी तोटीतून गेलं की तेवढं आमचं दूध कमी भरतं. शोभा रडायला आली. तेव्हा मी नियम घातला. शून्य केल्यावर बादली उचलायची, सगळ्यांसमोर उलटी धरायची, आणि परत ठेवायची. परत ठेवल्यावर काट्यावर शून्यच दिसलं पाहिजे. पाणी असेल तर तिथंच उघडं पडेल. नियम इतका सरळ होता, की दुसऱ्या दिवसापासून तो नवीन आहे हेच मी विसरले. आणि मी आत पडद्यासमोर, बादली बाहेर ओट्यावर. मला दिसणार कशी?

शुक्रवारी सकाळी मी आत गेलेच नाही. ओट्यावर, काट्यासमोर उभी राहिले. शोभानं शून्य केलं. बादली उचलली, उलटी केली. बादली काट्यावर नाही म्हटल्यावर काट्यानं काय दाखवावं? उणे! आता इतर कुणी पहिलं असेल तर शोभा झटक्यात उलटी करून झटक्यात ठेवते, काटा स्थिर व्हायला वेळच मिळत नाही, आणि स्थिर झाल्याशिवाय तो आकडा आत पाठवत नाही. पण पहिल्या हौसाक्का असल्या, की त्या बादलीत हात घालणार, तळ चाचपणार, तोटीत बोट घालणार. तेवढ्यात काटा स्थिर. उणे आकडा वायरीतून आत. आणि आतून कुईं करून मशीन बसलं.

मी ओट्यावर मटकन बसले आणि हसायला लागले. शोभाला वाटलं मला काही झालं. “अक्का,” मी म्हणाले, “तुमची नजर न्हाय ओ, तुमचा हात लागत हुता!”

“माझा? मी आत कवा आली मशीनला हात लावाय?”

“आत न्हाय, बादलीत!”

मग वही उघडून तुझ्या ओळींवर बोट ठेवलं. काटा एकेक ओळ पाठवतो, आधी अधिकचं चिन्ह, मग वजन, मग शेवटी किलो. तुझा दूधकाटा अधिक कुठं आहे ते शोधतो, किलो कुठं आहे ते शोधतो, किलोच्या जागेतून अधिकची जागा वजा करून मधल्या मजकुराची लांबी काढतो, आणि तेवढी जागा कर्नेलकडं मागतो. उण्याच्या ओळीत अधिक कुठलं? तो बिचारा शोधत शोधत पुढच्या ओळीतलं अधिक धरून बसतो. ते किलोच्याही पलीकडं. मग वजाबाकी शून्याखाली जाते. आणि ती लांबी तू ज्या चौकटीत ठेवलीस तिला उणे हा प्रकारच माहीत नाही. तिथं शून्याच्या खाली घसरलेलं सगळं वरून फिरून चारशे कोटींवर जाऊन बसतं. झाले चारशे कोटी लाडू!

आणि ह्यात तुझं काय चुकलं म्हणू? दुधाचं वजन उणे येईल हे कुणाच्या डोक्यात येणार? म्हशी आहेत त्या, दूध देतात, परत मागत नाहीत. कोड चुकीचा हे माझं खरं, काट्याकडून काहीतरी नवीन येतंय हे तुझं खरं. निम्मं निम्मं घेऊन दोघं भांडत बसलो. एकमेकांना एकच प्रश्न विचारायचा राहिला होता. तो तू विचारत होतास, आणि मी फोन तोडला. ह्याची माफी मागायची आहे मला, ती ह्या ओळीत मागते. ह्यावर तू काही बोलू नकोस, नुसती मान हलव.

दुरुस्ती मी केली. मी! अधिक नसेल तर उणे शोधायला लावलं. लांबी शून्याखाली किंवा वाजवीपेक्षा मोठी आली तर कर्नेलच्या दारात जायचंच नाही, तिथंच ओळ टाकून द्यायची आणि पडद्यावर तसं सांगायचं, असं केलं. कोठीवाल्याचं तोंड नाही बांधलं मी, वाढप्यालाच मोजायला शिकवलं. तुझा तो शब्द कुठंही घातला नाही. पहिल्यांदा प्रोग्रॅम बांधायला, म्हणजे मशीनच्या भाषेत करून घ्यायला बसले तर दोन चुका निघाल्या. एका ओळीच्या शेवटी खूण द्यायची विसरलेले, आणि एक कंस जास्तीचा. तू असतास तर पाठीमागून “अं… अं…” केलं असतंस. मी स्वतःच केलं, आणि खरंच सापडल्या. शनिवारी दुपारी नवा दूधकाटा मशीनमध्ये चढवला. फाइलीत सगळ्यात वर तुझं नाव आहे ना, त्याच्याखाली माझं घातलं. विचारलं नाही तुला. राग आला तर सांग.

रविवारी सकाळी दूध घालायच्या वेळीच सभा घेतली, ओट्यावर. कंपनीचा माणूस आलेला, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा. सगळ्या बायका जमल्या. मी म्हणाले, “हात वर करायच्या आधी एक करा. अक्का, ही घ्या बादली. मन भरंस्तोवर उलटी धरा.”

अक्कांनी धरली. तळ चाचपला, तोटीत बोट घातलं, उजेडाकडं धरून बघितलं, हलवून बघितलं. काट्यावर उणे आकडा येऊन थांबला. बायकांनी माना उंचावल्या. मी पण. आतला पडदा बाहेर वळवून ठेवलेला मी, सगळ्यांना दिसावा म्हणून.

पडद्यावर ओळ आली: ‘काटा उणे आहे. बादली जागेवर ठेवा.’

बस्स. बोंब नाही, कुईं नाही. अक्कांनी बादली ठेवली, शून्य आलं, दूध ओतलं, वजन उमटलं. शोभानं इतक्या जोरात टाळी वाजवली की कंपनीवाल्या पावण्यानं दचकून मागं बघितलं. आणि मग सगळ्याच वाजवायला लागल्या. अक्कांनी पदर कमरेला खोचला आणि त्याला विचारलं, “पावणं, बादली उचलली की तुमचं मशीन काय म्हणतंय?”

तो म्हणाला, “विचारून सांगतो.”

“इचारून या. तवर आमचं चालतंय.”

नव्या मशीनसाठी एक हात वर झाला नाही. मग अक्का माझ्याकडं वळल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या, “त्या रफिकला मी लई बोलली. चांगलं मशीन करून गेलाय पोरगं.” पोरगं म्हणाल्या तुला, बावन्न वर्षांच्या बाप्याला. आणि लगेच, “पर सापडलं कुनामुळं? माझ्या हातामुळं!” आता रोज बादली त्याच तपासतात, आधीपेक्षा जास्त वेळ लावून, आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही.

संध्याकाळी वही घेऊन नसीमकडं गेले. तुझ्या प्रश्नाखाली उत्तर लिहून नेलं होतं, ‘बादली उलटी करायला लागलो.’ तिला सगळं सांगितलं, लाडवांसकट. ती हसली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा हसली असेल, तोंडावर हात धरून, मग हात काढून. म्हणाली, वही तुमच्याकडंच ठेवा, ह्यात अजून कोरी पानं हायत.

आहेत खरी. मी भरीन.

आता उठते मी, धारेची वेळ झाली. तू मात्र एकदा ये. आळस करू नकोस, दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, ही कारणं आता तुझ्याकडं उरली नाहीत. सकाळी ये, शोभा काटा शून्य करते त्या वेळेला. भिंतीपाशी माझ्यामागं उभा राहा आणि हौसाक्कांचा हात बादलीत असताना पडद्याकडं बघ. मग आत येऊन बस. चहा बशीतच ओतून ठेवते, कपानं पी म्हणणार नाही. आणि ते मागचं बोलणं तुझं अर्धं राहिलंय, तिथून सुरू कर. ह्या वेळी मी मध्ये तोडत नाही. लवकर ये.